आम्ही बुधवारचे आयटीपीवाले

आमच्याकडे प्लेटलेट्सचा तुटवडा कायमचा. किश्श्यांचा मात्र आजवर एकदाही पडलेला नाही!

त्याला कारण आहे. कुणाची तपासणी महिन्यानं, कुणाची पंधरा दिवसांनी, पण वार बुधवारच. सकाळी रक्त द्यायचं, रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं, मग डॉक्टर. मधल्या वेळात करायचं काय? दवाखान्यासमोरच्या अमृततुल्यात जाऊन बसायचं. चहा समोर आल्यावर माणूस किती वेळ गप्प बसणार? आधी आजाराबद्दल बोललो, मग डॉक्टरांबद्दल, मग नातेवाइकांबद्दल. आता तर एखाद्याची तपासणी नसली तरी तो चहाला येतो. डॉक्टर म्हणतात, "तुम्ही माझ्याकडे येता की त्या चहावाल्याकडे?" आम्ही उत्तर देत नाही. उगाच कशाला कुणाला दुखवा!

आयटीपी म्हणजे काय, ते एकदाच सांगते. रक्तात प्लेटलेट्स नावाच्या बारीक पेशी असतात. कुठं कापलं, खरचटलं की त्या धावत जाऊन गळती बुजवतात. आमच्या शरीराला मात्र त्या परक्या वाटतात. आपलीच फौज आपल्याच प्लेटलेट्सना मारत सुटते. मग जरा धक्का लागला की निळा डाग, दात घासताना रक्त, अंगावर लाल ठिपके. का होतं? डॉक्टर प्रामाणिकपणे सांगतात, "नक्की माहीत नाही." लहान मुलांचं बहुतेक वेळा आपोआप जातं. काहींचं राहतं. मोठ्यांचं बहुधा राहतंच. आम्ही सगळे राहिलेल्यांपैकी.

*

सुरुवात माझ्यापासून करते, म्हणजे इतरांना बोलायला नको.

मी वारज्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. एकदा सहावीच्या वर्गात एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमच्या दंडाला निळा रंग लागलाय." रंगाच्या बाईला रंग लागायचाच. घरी जाऊन साबण लावला, जाईना. टर्पेंटाइननं घासला. दुसऱ्या दिवशी डाग दुप्पट! मी रंगाच्या कंपनीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग पायांवर लाल ठिपके आले, तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला की हा रंग बाहेरून लागलेला नाही.

रक्त तपासायला दिलं आणि घरी येऊन पोळ्या करायला घेतल्या. लॅबमधून फोन आला. एक मुलगी घाबऱ्याघुबऱ्या विचारत होती, "पेशंट कुठे आहेत?"

"मीच बोलतेय."

"तुम्ही? अहो, पण... तुम्ही उभ्या आहात?"

"हो. पोळ्या करतेय."

"गॅस बंद करा आणि आधी बसा!"

प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर असाव्या लागतात. माझ्या आठ हजार होत्या. मी गॅस बंद केला, पण तव्यावरची पोळी भाजून झाल्यावर. ती मुलगी फोनवर तेवढा वेळ थांबली होती!

*

आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे आपटेकाका. शनिवार पेठेत राहतात, पोस्टातून निवृत्त. निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांना हे निघालं. "सरकारनं पेन्शन दिली, शरीरानं ग्रॅच्युइटी," असं ते म्हणतात.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी त्यांना बजावलं, "काका, गोळ्या घ्याच, पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आपटायचं नाही."

काका शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच चालू आहे. आता या वयात आडनाव बदलू का?"

मग त्यांना स्टिरॉइड सुरू झालं. ते ज्यानं घेतलंय त्यालाच कळेल. भूक अशी की डबा उघडा दिसला की रिकामा, राग नाकाच्या शेंड्यावर, झोप नाही, आणि चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा. वाड्यातून फ्लॅटमध्ये गेलेले जुने शेजारी रस्त्यात भेटले आणि म्हणाले, "वा आपटे! तब्येत सुधारलेली दिसते!"

"सुधारलेली नाही," काका म्हणाले, "सुजलेली आहे."

*

या आजारात एक सल्ला सगळ्यांना मिळतो. प्लेटलेट्स हा शब्द उच्चारायचा अवकाश, समोरचा म्हणतो, "पपईच्या पानांचा रस घ्या!" डेंग्यूच्या साथीत प्रत्येकानं तो कुठून तरी ऐकलेला असतो. डेंग्यू वेगळा, आमचं वेगळं, हे सांगून सांगून आम्ही दमलो. मला रिक्षावाल्यानं सांगितलंय, शाळेतल्या शिपायानं सांगितलंय, एका मयताला गेले होते तिथं सांगितलंय.

एकदा अमृततुल्यात शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ आमचं बोलणं ऐकत होते. त्यांना राहवेना. ते थेट दत्ताभाऊंकडे वळले. दत्ताभाऊ लोणी काळभोरचे बागायतदार, धिप्पाड, पांढऱ्या मिशा, बोलणं कमी.

"पाहुणे, मी सांगतो ते करा. पपईचं कोवळं पान घ्यायचं..."

दत्ताभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. पान कसं धुवायचं, कसं वाटायचं, कशातून गाळायचं. गृहस्थांनी शेवटी विचारलं, "मिळेल ना तुमच्याकडं पान?"

"मिळंल की," दत्ताभाऊ म्हणाले. "माझी पपईचीच बाग हाय!"

*

आता ईश्वरी.

ईश्वरी आमच्यातली सगळ्यात लहान, वय वर्षं नऊ, आणि आजारात सगळ्यात सीनियर. तिला हे चार वर्षांची असल्यापासून आहे. तिचे वडील प्रमोद मूळचे वर्ध्याकडचे, कारखान्यात शिफ्टला जातात. आई अर्चना घरी शिवणकाम करते. राहायला बिबवेवाडीत.

शाळेत नवीन वर्गशिक्षिका आल्या. त्यांना आजाराचं कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस त्यांनी ईश्वरीच्या दंडावर पाच निळी बोटं उमटलेली पाहिली. अगदी पंजाच. त्यांनी आईवडिलांना बोलावून बाहेर बसवलं आणि पोरीला आत घेऊन हळूच विचारलं, "बाळा, घरी तुला कोणी मारतं का?"

"मला नाही," ईश्वरी म्हणाली. "माझ्या प्लेटलेट्सना मारतात."

"कोण?"

"माझेच सैनिक."

बाईंना काही कळेना. त्यांनी दोघांना आत बोलावलं आणि प्रमोदना दंड दाखवून विचारलं, "हे कुणी केलं?"

अर्चना सांगत होती, तिला वाटलं नवरा आता आजार समजावून सांगेल, फाइल काढेल. पण प्रमोद त्या दंडाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "माझेच बोटं आहेत जी ते."

बाई खुर्चीतून उठल्या, तसे प्रमोद पुढं बोलले.

"परवा रस्ता ओलांडत होतो. बाइकवाला एकदम अंगावर आला. मी पोट्टीला ओढलं. मी तं आजवर तिच्यावर हात नाही उगारला मॅडम, पण दाबून धरला, हे खरं आहे. तेव्हापासून मी तिचा हात धरत नाही. ती माझा शर्ट धरते."

बाईंनी ईश्वरीची बाही नीट खाली केली. मग त्यांनी जे म्हटलं ते अर्चनानं आम्हाला शब्दन्‌शब्द सांगितलंय. म्हणाल्या, "मी विचारलं, याची माफी मागणार नाही. उद्या दुसऱ्या एखाद्या मुलीच्या अंगावर असंच दिसलं, तर मला विचारावंच लागेल. पण तुम्हाला बाहेर बसवून तिला आधी विचारलं, तेव्हा मनात मी तुम्हाला दोषी ठरवून टाकलं होतं. त्याची मागते."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी असं बोलणारं कुणी पाहिलं नाही, असं आपटेकाका म्हणाले. आणि काका कौतुक करतात म्हणजे काय, ते पुण्यातल्या माणसाला सांगायला नको.

*

ईश्वरीला खेळायची भारी हौस. पण खो-खो नाही, कबड्डी नाही, सायकल नाही. ती खेळाच्या तासाला मैदानाच्या कडेला बसून राही. खेळाच्या सरांना वाईट वाटलं. त्यांनी तिच्या गळ्यात शिट्टी घातली आणि म्हणाले, "आजपासून तू पंच."

सर पस्तावले!

खो-खोच्या पहिल्याच सामन्यात तिनं आपल्या जिवलग मैत्रिणीला बाद दिलं. मैत्रीण रडली, ही ढिम्म. मग खो मिळायच्या आधीच उठून पळाली म्हणून वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलीचा फाउल. आता आंतरशालेय सामन्यांच्या सरावाला मोठ्या मुली मुद्दाम तिला बोलावतात, कारण हिच्यासमोर निभावलं तर कुठंही निभावतं. एकदा सरांनी गंमत म्हणून विचारलं, "अगं, एखाद्याला तरी सूट दे की."

"मला कोण देतं?" ईश्वरी म्हणाली आणि शिट्टी वाजवली.

*

दत्ताभाऊंची पानथरी काढली, तेव्हाची गोष्ट. पानथरी म्हणजे प्लीहा. आमच्या प्लेटलेट्स बऱ्याचशा तिथंच मारल्या जातात. कधी कधी ती काढून टाकली की आजार थांबतो. दत्ताभाऊंचा थांबला! आकडा लाखाच्या वर गेला. त्या बुधवारी त्यांनी टेम्पोभर पपया आणल्या आणि दवाखान्यात वाटल्या. डॉक्टर, नर्स, झाडूवाल्या मावशी, रांगेतले अनोळखी पेशंट, सगळ्यांच्या हातात पपई. "रस नगा काढू, नुसती खावा," असं ते प्रत्येकाला सांगत होते.

पुढच्या वर्षी आकडा परत कोसळला.

त्या दिवशी रिपोर्ट हातात घेऊन ते चहाच्या टेबलाशी आले, तेव्हा आम्ही सरकून त्यांना जागा केली. पोट फाडून घेतलेल्या माणसाला काय सांगणार, धीर धरा? दत्ताभाऊ बसले. बशीत चहा ओतला, फुंकला. पहिल्यांदाच मला त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं. मग म्हणाले, "वरीसभर मी लाखाचा माणूस होतो. लई जणांना तेवढं बी मिळत नाय."

आणि चहा प्यायले.

आता नव्या गोळ्या चालू आहेत, आकडा तीस-चाळीस हजारांत हेलकावे खातो. डॉक्टरांनी ट्रॅक्टर बंद केला. घरात दुसरं चालवणारं कोणी नाही, मुलगी लग्न होऊन गेलेली. तर त्यांच्या मंडळी, पन्नाशी उलटलेल्या, नऊवारी नेसणाऱ्या, एके दिवशी उठून ट्रॅक्टरवर बसल्या. "शिकवा," म्हणाल्या. पंधरवड्यात नांगरट करायला लागल्या. सगळी वस्ती बांधावर बघायला!

दत्ताभाऊ स्वतः बांधावर हेल्मेट घालून उभे. पडलो-झडलो तर डोक्याला लागू नये म्हणून ते शेतात कायम हेल्मेट घालतात. बायको त्या उंचीवर बसलेली बघून त्यांचा जीव खालीवर. त्यांनी हेल्मेट काढून वर धरलं. "अगं, हे घाल! चालवणाऱ्यानं घालायचं असतंय!"

मंडळींनी ट्रॅक्टर थांबवला. वळून बघितलं.

"मला लाखानं हायेत प्लेटलेटा. तुमीच घाला!"

*

सायली आमच्यात आली तेव्हा लॅपटॉपसकट आली. आयटीतली मुलगी, वय एकोणतीस. तिनं आपल्या प्लेटलेट्सचा ग्राफ काढला होता, रंगीत. काय खाल्लं की किती वाढल्या, किती झोपल्यावर किती घटल्या. डॉक्टरांनी तो नीट पाहिला, लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "ते असू दे. तू कशी आहेस?"

ती रडायलाच लागली. सहा महिन्यांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं, सगळे आकडा विचारत होते.

त्या काळात तिला पाळीचा फार त्रास व्हायचा. आठ-आठ दिवस रक्त थांबायचं नाही, चेहरा कागदासारखा. ती आणि मी कोपऱ्यातल्या टेबलावर हळू आवाजात बोलायचो. आपटेकाका पलीकडे पेपर वाचत असायचे. पुढच्या खेपेला काकांनी तिच्यासमोर एक डबा ठेवला. आत अळिवाचे लाडू.

"काकूंनी दिलेत," ते म्हणाले. "का दिलेत ते विचारू नकोस. त्यांनी मलाही सांगितलेलं नाही." आणि पेपरात तोंड घातलं.

पेपर उलटा होता!

*

वर्षभरानं सायलीनं टेबलावर विषय काढला. तिला आणि ओंकारला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मूल हवं होतं. डॉक्टर म्हणाले होते, जोखीम आहे, पण सांभाळून होऊ शकतं. ती आम्हा प्रत्येकाला विचारत होती, "करू का?"

दत्ताभाऊ म्हणाले, "शेतकऱ्याला इचारतीस पेरू का म्हणून?"

अर्चना म्हणाली, "मला विचारशील तर हो."

आपटेकाका म्हणाले, "मला विचारू नकोस. बाळंतपणाचा माझा अनुभव कमी आहे."

दिवस राहिले. जसे महिने वाढले तसा आकडा उतरत गेला. शेवटी शेवटी दर आठवड्याला तपासणी, एक खास सलाईन, पुन्हा तपासणी. कळा कमी व्हाव्यात म्हणून कमरेत इंजेक्शन देतात ना, ते हिला देता येणार नव्हतं. तिथं रक्तस्राव झाला तर भलतंच व्हायचं. म्हणजे सगळं सोसायचं ते तसंच. रक्तपेढीनं दाते तयार ठेवायला सांगितले. प्रमोद रात्रपाळी संपवून, अंघोळ करून, नाष्टा करून थेट हजर! रक्तगट जुळत होता. ते तिथल्या बाकावर ताठ बसून राहिले, डुलकी लागली तर बोलावणं चुकेल म्हणून. कुणी चहा आणून दिला तर म्हणाले, "नंतर पिईन जी."

संध्याकाळी मुलगा झाला. सायली सुखरूप. दात्याची गरजच पडली नाही. मी प्रमोदना म्हटलं, "तुमचा दिवस फुकट गेला हो."

"फुकट गेला म्हणूनच तं बरं झालं ना बाई," ते म्हणाले आणि तो गार झालेला चहा एका दमात प्यायले.

*

तिसऱ्या दिवशी बाळाच्या पोटावर लाल ठिपके दिसले.

डॉक्टरांनी याची कल्पना आधीच दिली होती. आईच्या रक्तातली ती लढाऊ फौज थोडीफार बाळात उतरते. काही आठवड्यांत ओसरते. तोवर जपायचं, पुन्हा पुन्हा रक्त तपासायचं. बाळालाही सलाईन दिलं, आकडा हळूहळू वर यायला लागला, त्यांना घरी सोडलं. सगळं ठीक होणार होतं. सायलीला मात्र त्यातलं एकच ऐकू आलं होतं: माझ्यामुळे.

ती कुणाशी बोलेना. फोन घेईना. ओंकारनं मला कळवलं, तसे आम्ही रविवारी तिच्या घरी गेलो. मी, आपटेकाका, अर्चना आणि ईश्वरी. नेमका त्याच वेळी लॅबचा माणूस बाळाचं रक्त घ्यायला आला होता. एवढ्याशा बाळाच्या टाचेला टोचून घेतात. त्यानं टोचलं, आणि बाळानं असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

सायली भिंतीकडे तोंड करून बसली होती. "पहिली भेट हीच दिली मी त्याला," एवढंच म्हणत होती. अर्चना तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, पण तिचेही डोळे गळत होते. आपटेकाका, ज्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, ते पंख्याकडे बघत होते.

लॅबच्या माणसानं टाचेवर कापूस ठेवला आणि म्हणाला, "कुणीतरी धरा हो जरा वेळ." ओंकार पुढं झाला, पण निळा डाग पडेल म्हणून तो दाबायला धजेना, आणि पाय सुटून जात होता.

मोरीत पाण्याचा आवाज आला. ईश्वरी कोपरापर्यंत हात धुऊन बाहेर आली, बाह्या वर सारलेल्या, कोपराच्या खळगीत तिच्या स्वतःच्या सुईचा बुधवारचा निळा डाग. ती पलंगावर मांडी घालून बसली. ओंकारच्या हातातून तिनं तो पाय अलगद घेतला, कापसावर अंगठा ठेवला आणि बाळाच्या तोंडाशी वाकली.

बाळानं आणखी जोरात भोकाड पसरलं.

"रड तू खुशाल," ईश्वरी त्याला म्हणाली. "मी दाबून धरलंय."